बांडगूळ

आमच्या आजरा भागात आंब्याच्या फांदीवर जे काही उगवेल त्याला सरसकट बांडगूळ म्हणायची पद्धत. मीही म्हणायचो. पावसाच्या आधी कोयता घेऊन झाडावर चढायचं आणि सगळं उतरवून टाकायचं. त्यात खरं बांडगूळ किती आणि सीतेची वेणी किती गेली, याचा हिशेब कुणी ठेवलाय?

चार वर्षांमागं वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा आंबा मोडला. तोडताना एका फांदीवर वेणी फुललेली दिसली. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा वीतभर लोंबता घोस. शहरात हिच्या जातीला ऑर्किड म्हणतात. मुळं सालीवरून सोडवली, तर खाली साल जशीच्या तशी. खरं बांडगूळ असं सुटत नाही; ते लाकडात घुसून झाडाचं पाणी ओढतं. हिची जाड पांढरी मुळं फांदीला नुसती धरून असतात. पावसाचं पाणी पितात आणि भिजली की हिरवी दिसतात.

घरी आणली. जाळीचं शेड करायला पैका नव्हता, आणि लावणीच्या दिवसांत वेळ तर त्याहून नव्हता. मातीत लावली तर मुळं कुजतात. म्हणून परड्यातल्या फणसाला, उगवतीच्या अंगाला, खाली नारळाचा काथ्या देऊन सुतळीनं बांधली. पावसाळाभर वळून बघितलं नाही. उन्हाळ्यात सकाळी तोंड धुताना तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यावर मारायचं, एवढीच सेवा. दोन वर्षं नुसती पानं. तिसऱ्या वर्षी मे संपता संपता फुलली.

कारभारीण म्हणाली, "काय मिळतं हो हिचं?"

काय सांगणार? फणसाचं काही खात नाही, फणसाला काही देतही नाही. तेव्हा मला आत्ती आठवली.

आत्ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, ती सोप्याच्या कोपऱ्यात मरेपर्यंत राहिली. वाटणीचा विषय निघाला की भावकीतलं कोणीतरी म्हणायचंच, घराला बांडगूळ लागलंय. तिच्या कानावर पडत असणारच. मी मनातल्या मनात तिची बाजू घ्यायचो. आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं, भात कांडलं, म्हशी राखल्या. फुकट नाही खाल्लं तिनं.

आता वाटतं, ती बाजू घेणंही लंगडंच होतं. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळली होती. माझाच हिशेब धरला तर त्या दोन वर्षांत ती बांडगूळ ठरते. खरं सांगतो, रात्री ती पाण्याला हाक मारायची तेव्हा जागा असूनही मी कितीदा झोपेचं सोंग घेतलंय. कारभारीण उठायची.

शेतकऱ्याला दर गोष्टीचा उतारा बघायची सवय. ती वाईट म्हणत नाही, तिच्यावरच पोट आहे. आटलेली म्हैस मीही विकलीय. पण तोच काटा घेऊन मी घरातलं माणूस तोलत होतो, आणि वर त्याला माया म्हणत होतो.

यंदा वेणीला दोन घोस आले. नातीनं माळायला मागितला. तोडून दिला एक. आत्तीच्या केसात फूल मी कधी बघितलं नव्हतं.