आमगावपर्यंतची प्रगती

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये गुडघे टेकून मी प्रभूला शब्द देतो, की येत्या वर्षी रागावणार नाही. हा शब्द साधारणपणे सकाळच्या चहापर्यंत टिकतो. साखर कमी पडते आणि माझ्यातला जुना माणूस कप आपटतो. बाप्तिस्मा घेऊन वर्षं झाली, पण आमची गाडी अजून आउटर सिग्नललाच!

परवा राजनांदगावला जायला गोंदिया स्टेशनात आलो, तर तिकिटं सापडेनात. भर फलाटावर मी हिच्यावर गरजलो. तिकिटं माझ्याच खिशात निघाली. गाडी दोन तास लेट होती, त्यामुळे ओशाळायला वेळ भरपूर मिळाला.

"पौलाला दिमिष्काच्या वाटेवर क्षणात प्रकाश दिसला. मी मात्र आहे तिथेच!" मी पुटपुटलो.

"आपल्या टिळकांना किती दिवस लागले हो?" हिनं विचारलं.

खरंच की! रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ साली राजनांदगावला निघाले होते. नागपूरहून तिकडे जाणारी लाईन आमच्या गोंदियावरूनच जाते. गाडीत एका साहेबानं त्यांना बायबल दिलं. ते वाचून, झगडून, बाप्तिस्मा घ्यायला १८९५ उजाडलं. लक्ष्मीबाई तर त्यानंतरही सोवळं धरून होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. आणि १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं कुणी केलं? मागून आलेल्या लक्ष्मीबाईंनीच!

ही धानवाल्या शेतकऱ्याची लेक. म्हणाली, "रोवणी झाली की पऱ्हे काही दिवस पिवळेच दिसतात. म्हणून कुणी बांधीत उभं राहून धानावर ओरडतं का?"

"म्हणजे मी स्वस्थ बसू?"

"बसा की! पण बांधीत पाणी धरावं लागतं. तेवढं आपलं काम. वाढवणारा वेगळा आहे."

मी गप्प झालो. स्वतःवर चिडणं हाही रागच, आणि त्यात थोडी ऐटही असते, हे मला तोवर सुचलं नव्हतं. देवानं माझ्यासाठी सबुरी धरली; मीच घड्याळ घेऊन बसलो होतो.

गाडी आली. आमगाव गेलं तसा मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "मघाशी माझं चुकलं."

ही हसली. "मागच्या खेपेला हे म्हणायला डोंगरगड आलं होतं!"