आपल्याच बाजूचा अंपायर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की रामदासपेठेत दिवसभर दारेखिडक्या बंद आणि कूलर सुरू असतात. दवाखान्यांपुढची वर्दळ सोडली तर भर दुपारी रस्त्यावर फारसे कोणी दिसत नाही. सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास उन्हाची धग ओसरते आणि मग इमारतींच्या आवारात, आडरस्त्यांवर, एखाद्या मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलचे क्रिकेट सुरू होते. पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. तेवढ्या तासाभरात सहा-सहा षटकांचा सामना उरकायचा असतो. सुट्टी लागलेली शाळकरी मुले, कॉलेजचे विद्यार्थी, ऑफिसातून परतलेले त्यांचे वडील आणि काका, सगळे एकत्र खेळतात. भिंतीवर थेट आदळला तर सहा धावा, शेजारच्या कंपाउंडमध्ये गेला तर आऊट आणि मारणाऱ्यानेच बॉल आणायचा, असे नियम त्या त्या जागेप्रमाणे ठरलेले असतात. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना फार तर ऊसाचा रस पाजायचा. यालाच आपण मैत्रीचा सामना म्हणतो.

नागपूरला क्रिकेटचे प्रेम नवे नाही. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ साली नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला. २००८ पासून कसोटी सामने जामठ्याच्या मैदानावर होऊ लागले. विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला. पण त्या मोठ्या सामन्यांत आणि आपल्या आवारातल्या सामन्यात एक महत्त्वाचा फरक आहे. तिथे निवाडा करायला माणूस बाहेरून येतो. इथे अंपायर बॅटिंग करणाऱ्या बाजूचाच असतो. त्याचे कारणही साधे आहे. एका बाजूला सहा-सात जण, त्यातले सगळे फिल्डिंगला लागतात. बॅटिंगची वाट पाहणारे तेवढे रिकामे असतात, म्हणून त्यांच्यातलाच एक जण अंपायर म्हणून उभा राहतो.

आता असे समजू या. शेवटचे षटक चालू आहे, चार धावा हव्या आहेत. बॉल बॅटची कड घेऊन विकेटकीपरच्या हातात जातो. बारीकसा आवाज अंपायरने स्पष्ट ऐकला आहे. समोरची बाजू ओरडते आणि सगळे अंपायरकडे पाहू लागतात. बॅट्समन त्याचा शेजारी आहे, रोजच्या चहाचा सोबती आहे. भिंतीवर बसलेली पाच-सात मुलेही पाहत आहेत. अंपायरने काय करावे?

उत्तर सोपे आहे असे आपल्याला वाटते. पण प्रत्यक्ष मैदानावर आपल्या कानांवर काय पडते? “जाऊ दे ना, मैत्रीची मॅच आहे.” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यामागे एक विचार दडलेला आहे. जिथे बक्षीस नाही, नाव छापून येणार नाही, तिथे खरेखोटे एवढे काटेकोरपणे पाहण्याची गरज काय? मोठ्या सामन्यात न्याय हवा, लहानात चालवून घ्यावे. हा विचार आपण आज थोडा तपासून पाहू.

आपल्या बाजूचा माणूस निवाडा करतो तेव्हा काय होते, याचा अनुभव मोठ्या क्रिकेटनेही घेतलेला आहे. पुष्कळ वर्षे कसोटी सामन्यांत दोन्ही अंपायर यजमान देशाचे असत. पाहुण्या संघांच्या तक्रारी सतत चालू असत. त्यांतल्या काही खऱ्या होत्या, काही पराभवाच्या रागातून आलेल्या होत्या. पण अंपायर यजमानांचा आहे म्हटल्यावर प्रामाणिक निर्णयावरही संशय येत असे. अखेर १९८६ साली पाकिस्तानने वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेसाठी भारताच्या दोन अंपायरांना बोलावले. लाहोरच्या कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले. भारत आणि पाकिस्तान यांचे संबंध पाहता ही गोष्ट विशेष म्हटली पाहिजे. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक अंपायर तटस्थ देशाचा असावा असा नियम झाला आणि २००२ पासून दोघेही तटस्थ असू लागले. करोनाच्या साथीत, २०२० साली, प्रवास अशक्य झाला तेव्हा तो नियम काही काळ शिथिल करावा लागला होता.

थोडक्यात, मोठ्या क्रिकेटने आपला प्रश्न बाहेरचा माणूस आणून सोडवला. पुढे कॅमेरेही आणले. आपल्या आवारात यातले काहीच शक्य नाही. इथे न्याय मिळायचा असेल तर तो आपल्याच बाजूच्या माणसाच्या तोंडून मिळाला पाहिजे. म्हणजे लहान सामन्यात खरेपणाची गरज कमी होत नाही, उलट वाढते. बक्षिसाच्या सामन्यात माणसे बक्षिसासाठी तरी थांबतात. मैत्रीच्या सामन्यात समोरची बाजू येते ती केवळ आपल्यावर भरवसा आहे म्हणून. तो भरवसा गेला की पुढच्या डावात त्यांचा अंपायरही तसाच वागतो. “तेव्हा तुम्ही कुठे दिला होता?” असे म्हणतो. मग तो रडीचा डाव होतो आणि दोन दिवसांनी खेळच बंद पडतो.

पण मैत्रीचे काय? मित्राला सांभाळून घेणे हा मैत्रीचा धर्म नव्हे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संकटात मित्राच्या पाठीशी उभे राहावे हे आपण मुलांना शिकवतो. मात्र सांभाळून घेताना आपण कोणाच्या खिशातून देत आहोत, हे पाहिले पाहिजे. ती विकेट अंपायरच्या मालकीची नाही. ती बॉलरने आणि विकेटकीपरने आपल्या मेहनतीने मिळवलेली आहे. अंपायर जेव्हा मित्राला “नॉट आऊट” म्हणतो तेव्हा तो दुसऱ्याच्या कमाईतून मित्राला भेट देत असतो. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. मित्रासाठी आपण आपला वेळ द्यावा, पैसा द्यावा, रात्री-अपरात्री दवाखान्यात त्याच्यासोबत बसावे. ते आपले आहे. समोरच्या मुलाची विकेट आपली नाही.

इथे कोणी विचारील की खरोखरच कळले नाही तर? तेव्हा क्रिकेटची जुनी रीत आहे. शंका असेल तर तिचा फायदा बॅट्समनला द्यावा. ही रीत चांगली आहे. पण ती शंका खरी असली पाहिजे, सोयीची नको. कान असून न ऐकल्यासारखे करणे म्हणजे शंका नव्हे. याच्या उलटही घडते. आपण किती निःपक्षपाती आहोत हे लोकांना दिसावे म्हणून एखादा अंपायर खरी शंका असतानाही आपल्याच गड्याला घरी पाठवतो. लोक वाहवा करतात, पण त्या बिचाऱ्यावर अन्यायच होतो. आपल्या चांगुलपणाच्या प्रसिद्धीसाठी त्याची विकेट खर्ची पडते. तेही परक्या मालावर केलेले दानच.

मग बॅट्समनची स्वतःची काही जबाबदारी आहे की नाही? क्रिकेटच्या कायद्यात ४२ नियम आहेत. त्यांतला ३१ वा अपिलाविषयी आहे. समोरच्या बाजूने अपील केल्याशिवाय अंपायरला बाद देता येत नाही. मात्र नियमाप्रमाणे बाद झालेला बॅट्समन अपिलाची वाट न पाहता आपण होऊन विकेट सोडून निघाला, तर तोही बादच धरला जातो. कोणी विचारण्यापूर्वीच खरे कबूल करणाऱ्यासाठी कायद्यातच जागा ठेवलेली आहे. २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा ॲडम गिलख्रिस्ट २२ धावांवर खेळत होता. बॉल बॅटला लागून कीपरने झेलला, पण अंपायरने बाद दिले नाही. तरीही गिलख्रिस्ट चालू लागला. साऱ्या जगाने ते दूरदर्शनवर पाहिले.

गिलख्रिस्टशी सहमत नसलेलेही अनेक चांगले खेळाडू आहेत. त्यांचे म्हणणे असे की निवाडा करणे हे अंपायरचे काम आहे. कधी तो चुकून बाद देतो, तेव्हा आपण निमूटपणे जातो. कधी चुकून ठेवतो, तेव्हा आपण थांबतो. वर्षभरात हिशेब सारखा होतो. तटस्थ अंपायर नेमलेला असताना या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. पण आपल्या आवारात ते लागू पडत नाही. इथला अंपायर नेमलेला नाही, तो पुढचा बॅट्समन आहे. त्याच्या भिडेमागे लपणे म्हणजे आपल्या वाट्याचे खोटे मित्राकडून बोलवून घेणे. बॅट्समन आपण होऊन निघाला तर तो केवळ समोरच्यांचे देणे चुकवतो असे नाही, तर आपल्या मित्राला मोठ्या पेचातून सोडवतो. खऱ्या मैत्रीचा धर्म कदाचित इथे आहे.

महाराष्ट्रात, मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर, फेब्रुवारी १९८० मध्ये घडलेली एक गोष्ट या संदर्भात पुन्हा सांगण्यासारखी आहे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी चालू होती. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. त्यानंतर बॉथम आणि विकेटकीपर बॉब टेलर यांची जोडी जमली. अशा वेळी अंपायरने टेलरला झेलबाद दिले. बॉल बॅटला लागलेला नाही अशी भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती. त्यांनी अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावले. त्या जोडीने १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला.

विश्वनाथ यांनी दया दाखवली, असे पुष्कळदा म्हटले जाते. कोणी असेही म्हणेल की संघाचा फायदा सोडून देण्याचा अधिकार एकट्या कर्णधाराला कोणी दिला? उरलेल्या दहा जणांचे काय? हा आक्षेप वरवर आपल्या तुळशीपत्रासारखाच दिसतो. पण टेलर बाद नव्हताच. ती विकेट भारताने मिळवलेली नव्हती, चुकून हाती आली होती. रस्त्यात सापडलेले पाकीट मालकाला देताना आपण घरच्यांची परवानगी मागत नाही, कारण ते घरचे नसते. विश्वनाथ यांनी जे दिले ते दान नव्हते, ते दुसऱ्याचे परत करणे होते. त्याची किंमत मात्र त्यांच्या संघाने भरली. परत करताना किंमत मोजावी लागते, म्हणून तर ते अवघड जाते.

मैत्रीच्या सामन्यात उदारतेला जागाच नाही असे मात्र कोणी समजू नये. भरपूर जागा आहे. सहा वर्षांच्या मुलाला कच्चा लिंबू म्हणून खेळायला घ्यावे आणि त्याला हळू बॉल टाकावा. गुडघे दुखणाऱ्या काकांसाठी धावायला रनर द्यावा. ज्याला कधीच बॅटिंग मिळत नाही त्याला आपल्या आधी पाठवावे. हे सारे आपण आपल्या वाट्यातून देतो, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असते. अशा देण्याने खेळ गोड होतो.

हा प्रश्न मैदानापुरता असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपण रोज कुठे ना कुठे आपल्याच बाजूचे अंपायर असतो. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगच्या जागेचा वाद येतो आणि निर्णय देणारे आपणच असतो. भावाबहिणींत वडिलांच्या घराची वाटणी होते आणि कागद आपल्या हातात असतात. शेजारच्या मुलाचे आणि आपल्या मुलाचे भांडण होते आणि दोघेही आपल्याकडे पाहतात. कार्यालयात आपल्या ओळखीच्या माणसाचा अर्ज आपल्याच टेबलावर येतो. अशा प्रत्येक वेळी बाहेरून कोणी तटस्थ माणूस येणार नसतो. रात्री निजण्यापूर्वी आपण आपल्या सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो, तेव्हाही निवाडा करणारे आणि ज्याचा निवाडा व्हायचा ते एकच असतात.

अशा निवाड्याची सवय मोठ्या प्रसंगी एकाएकी येत नाही. ती लहान प्रसंगी लागते, जिथे ऊसाच्या रसापलीकडे काही गमवायचे नसते. भिंतीवर बसलेली मुले धावसंख्या उद्या विसरतील. पण काकांनी आपल्याच मित्राला बोट वर करून बाद दिले आणि तो मित्र हसत बॅट ठेवून बाजूला झाला, हे त्यांच्या लक्षात राहील. उलट घडले तर तेही राहील.

म्हणून या उन्हाळ्यात खेळायला उतरणाऱ्यांना आमची एक साधी सूचना आहे. नाणेफेकीपूर्वी भिंत, कंपाउंड आणि षटके ठरवतो, तसे आणखी एक ठरवून घ्यावे. बॅटला लागले असेल तर बॅट्समनने स्वतः सांगायचे, आणि अंपायरने जे ऐकले तेच बोलायचे. मग सामना कोणीही जिंको, दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता दोन्ही बाजू पुन्हा हजर असतील.