जागा

कापसाची उलंगवाडी झाली, की पिंजारीभाई बोरी अरबात आमच्या वस्तीत यायचा. आमच्याच दाराशी बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. तहान लागली की हाक मारायचा, "भाबी, पानी!" माय माठातलं पाणी द्यायची, तो घटाघटा प्यायचा. आमच्या घरचं पाणी न पिणारे लोक तेव्हा गावात होते. त्यामुळं ते पिणं माझ्या लक्षात राहिलं.

पुढं महाडचं वाचलं. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तर मंडपाला कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. तिथंच २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. दरसाल जयंतीला मी हे सांगतो, टाळ्या पडतात. एक गोष्ट मात्र सांगत नाही.

एका साली कुठंतरी दूर दंगल पेटली. बोरीत काही झालं नव्हतं, पण अफवा पोचल्या होत्या. दिवेलागणीला पिंजारीभाई दारात आला. म्हणाला, "भाऊ, आजची रात लेकराईले तुमच्या घरी निजू द्या."

मी म्हणालो, "जागा कमी हाये न भाई."

जागा होती. मले भेव वाटलं होतं. आपल्याही दारावर कोणी आलं तं?

मायनं आतून ऐकलं. "त्यानं पानी पेताना माठ कोनाचा ते पाह्यलं व्हतं काय रे? आन तू लेकरं कोनाची ते पाह्यतं?" तिनं त्यानंच पिंजलेली गादी अंथरली. लेकरं निजली. मी रातभर ओसरीवर जागाच होतो. सकाळी काहीच झालेलं नव्हतं.

एकमेकांचे ग्रंथ वाचावेत, सणाला जावं, सारं चांगलंच आहे. पण दोन दबलेली माणसं खरी बोलतात ती अशा दारात. मागणाऱ्याला भेव असतं, देणाऱ्यालाही असतं. भेव नसलेल्यानं जागा दिली तर त्यात त्याचं काय गेलं? फत्तेखानालाही गावात राहायचंच होतं.

आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण आपोआप न्यायी होत नाही, हे मले त्या रात्री कळलं. महाडची जागा दुसऱ्यानं दिली. बोरीतली मी द्यायची होती, ती मायनं दिली.

औंदा जयंतीला हेही सांगीन म्हणतो.