स्वतःस दिलेलें वचन

मुंबईस २००४ सालीं सुरू झालेली मॅराथॉनची शर्यत सामान्यतः जानेवारी महिन्यांत होते. अंतर ४२.१९५ किलोमीटर. ती जिंकणारे पुरुष तें अंतर सव्वादोन तासांच्या आंत कापतात. तेवढ्या वेळांत एखाद्या बँकेंत नोकरी करणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ जेमतेम निम्मी वाट चाललेला असतो. पेडर रोडचा चढ त्यास अद्याप चढावयाचा असतो, आणि तो येतो नेमका पाय उचलेनासे झाल्यावर. आपणांस बक्षीस मिळणार नाहीं हें त्यास पक्कें ठाऊक आहे. गेल्या खेपेस चार तास सतरा मिनिटें लागलीं, यंदा चार तासांत यावयाचें, एवढेंच त्याचें लक्ष्य. आणि तेवढ्यासाठीं तो तयारीचा तक्ता भिंतीवर लावून जुलै महिन्यापासून, पावसाची झड असो वा नसो, पहाटे पांचला घराबाहेर पडत आला आहे. या सतरा मिनिटांवांचून जगांत कोणाचें काय अडलें होतें?

प्रकृतीसाठीं धांवतों, असें तो सांगतो. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. प्रकृति राखण्यास रोज अर्धा तास झपझप चालणें पुरेसें आहे; त्यासाठीं गुडघे आणि पायांचीं नखें पणास लावावीं लागत नाहींत. कीर्तीसाठीं म्हणावें, तर वर्तमानपत्रांत त्याचें नांव येत नाहीं. पैशाचें तर उलटच. प्रवेशशुल्क आणि बूट दोन्ही पदरचीं. खरें कारण सांगावयास तो बहुधा लाजतो. तें असें कीं, त्यानें स्वतःस तसा शब्द दिलेला असतो.

पण स्वतःस दिलेल्या शब्दाची किंमत ती काय? थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १६५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथांत, राजा व कायदा यांचा संबंध सांगतांना, असा युक्तिवाद केला आहे कीं, ज्याला बांधतां येतें त्याला सोडतांही येतें. म्हणून जो केवळ स्वतःशींच बांधलेला आहे तो मुळीं बांधलेलाच नाहीं. एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशाला कर्ज द्यावें, तसा हा प्रकार. तर्क बिनतोड दिसतो. परंतु पहाटे पांचला गजर वाजतो तेव्हां बांधणारा आणि सोडणारा हे दोघे एकच आहेत, हें गृहीतच डळमळूं लागतें. रात्रीं जेवण झाल्यावर तक्त्यांत ‘उद्यां पंधरा किलोमीटर’ असें लिहिणारा एक, आणि पांघरुणांतून हात काढून गजराचें तोंड बंद करणारा दुसरा. या दुसऱ्यास वचन सोडण्याचा अधिकार कोणी दिला? दिलें होतें पहिल्यानें. आणि ज्यास दिलें तो जानेवारींत पेडर रोडच्या पायथ्याशीं पोंचणारा तिसरा तर अजून यावयाचाच आहे.

आमच्या पूर्वजांस ही अडचण चांगली ठाऊक असावी. पूजेच्या आरंभीं संकल्प सोडतांना यजमान देश, काल, तिथि, नक्षत्र, गोत्र व नांव इतकें सगळें उच्चारतो आणि मग पळीभर पाणी सोडतो. देवास का त्याचा ठावठिकाणा माहीत नसतो? तो सगळा पाल्हाळ यजमानासाठींच आहे. मोघम निश्चयांतून निसटणें सोपें, तिथिवार बोलून दाखविलेल्यांतून कठीण. चार तासांच्या लक्ष्याचेंहि तसेंच. चार या आंकड्यांत पावित्र्य कांहींच नाहीं. पण ‘यंदा बरें धांवावें’ एवढाच निश्चय असता तर तो पहिल्या पावसांतच वाहून गेला असता.

तयारींत या वचनाची जी परीक्षा होते, ती मात्र थोडी विलक्षण आहे. न्यूझीलंडांत ऑकलंड शहरीं आर्थर लिडियर्ड नांवाचा, जोड्यांच्या कारखान्यांत काम करणारा एक गृहस्थ होता. त्यानें कित्येक वर्षें स्वतःच्याच देहावर प्रयोग करून असें ठरविलें कीं, आधीं पुष्कळ आठवडे दम न कोंडतां लांब लांब धांवावें, आठवड्यास शंभर मैलांपर्यंत. वेगाचा अभ्यास त्यानंतर. १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्यें पीटर स्नेल व मरे हॅल्बर्ग या त्याच्या शिष्यांनीं एकाच दिवशीं अनुक्रमें ८०० व ५००० मीटरचीं सुवर्णपदकें जिंकलीं, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. हौशी लोकांच्या तयारीचा पाया आजहि बहुतेक हाच. शंभर मैल त्यांच्यानें होत नाहींत. पण आठवड्यांतील बरेंचसें धांवणें असें, कीं सोबत्याशीं बोलतां यावें. एखादा दिवस वेगाचा. आणि रविवारीं लांब पल्ला, तो हळूहळू तीस किलोमीटरपर्यंत न्यावयाचा. स्नायूंत व यकृतांत सांठविलेली शर्करा बहुतेकांस तीस-पस्तीस किलोमीटरांपर्यंतच पुरते. पुढें चरबीवर अधिकाधिक निभावावें लागतें, आणि ती वापरण्याची संवय देहास अशा सावकाश, लांब धांवण्यानें लागते.

ऐकावयास हें सोपें आहे. पण मरीन ड्राइव्हवर असें रमतगमत धांवत असतां आपल्याहून पोक्त व आपल्याहून जाड असा कोणी मागून येऊन पुढें निघून जातो, त्या वेळीं त्यास खुशाल जाऊं देणें किती जणांस साधतें? जोरानें धांवण्यास दम लागतो, हळू धांवण्यास गर्व गिळावा लागतो. आणि दुसरें अधिक अवघड, असें आमचें मत आहे. कित्येक मंडळी रोजच्या रोज शर्यत करून घेतात आणि खऱ्या शर्यतीच्या दिवशीं पायांत गोळे घेऊन रस्त्याच्या कडेस बसतात.

आतां साक्षीदाराचा प्रश्न. १९८० सालीं बोस्टनच्या शर्यतींत रोझी रुइझ नांवाची स्त्री २ तास ३१ मिनिटें ५६ सेकंदांत स्त्रियांत पहिली आली. ती अखेरच्या टप्प्यांतच रस्त्यावर उतरली होती असें आठवड्याभरांत ठरलें, आणि मान कॅनडाच्या जॅकलिन गारो हिला देण्यांत आला. तिला निदान पहिलेपणाचा लोभ होता, असें म्हणतां येईल. पण २०१८ सालीं मेक्सिको शहराच्या मॅराथॉनमध्यें मधली वाट गाळल्याबद्दल तीन हजारांवर लोक बाद झाले. त्यांतील कितीकांस बक्षीस मिळणार होतें? हॉब्जच्या हिशेबानें येथें कोणाचेंच वचन मोडलें नाहीं. मग पळवाट काढून वर पूर्ण अंतराची पावती घेण्याची धडपड कशासाठीं?

इतकें म्हटल्यावरहि एक प्रश्न उरतो, आणि आमच्या दृष्टीनें तो या सर्वांहून थोर आहे. हौस फुकट होत नाहीं. इंग्लंडांत १८६६ सालीं स्थापन झालेल्या हौशी खेळाडूंच्या संघानें ‘हौशी’ या शब्दाच्या व्याख्येंतून कारागीर व मजूर यांस वगळलें होतें. १८८० सालीं निघालेल्या नव्या संघानें ती अट काढून टाकली. अट लाजिरवाणी खरीच. पण हौसेला मोकळा वेळ लागतो आणि तो कोणी तरी पुरवावा लागतो, ही गोष्ट तींत अजाणतां कबूल झाली होती. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅराथॉनमध्यें एकोणिसावे आले, त्यांच्या पाठीशीं सर दोराबजी टाटांसारखा आश्रयदाता होता.

आमच्या बँकेंतील गृहस्थास वेळ कोण पुरवितें? रविवारीं तीन तास धांवून तो नऊ वाजतां घरीं येतो. मग न्याहारी, मग झोंप. तोंवर दूध तापविलें, मुलांस उठविलें, म्हाताऱ्या सासऱ्यांस औषध दिलें, तें कोणी, हें तक्त्यांत लिहिलेलें नसतें. स्वतःस दिलेला शब्द तो कसोशीनें पाळतो, पण त्यांतील निम्मे तास दुसरीच्या खात्यांतून काढलेले असतात. त्या दुसरीलाहि धांवावेंसें वाटलें तर? स्त्रियांची मॅराथॉन ऑलिंपिकमध्यें प्रथम झाली १९८४ सालीं, लॉस एंजेलिस येथें. घरोघरची मुभा त्याहूनहि सावकाश मिळत आहे.

म्हणून धांवणें सोडावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. तक्ता मात्र एकट्यानें लिहूं नये. कोणत्या रविवारीं कोण बाहेर पडणार आणि कोण दूध तापविणार, हें घरांत आधीं ठरावें. मुलास ताप असेल त्या पहाटे पंधरा किलोमीटर गाळले, तर तो हॉब्जचा विजय नव्हे. त्या वेळीं सोडणारा पांघरुणांतला आळशी नसतो, त्यास त्याहून जुनें एक वचन आठवलेलें असतें. अशा दोन-चार पहाटा बुडाल्यानें जानेवारींत चार तासांऐवजीं चार तास पांच मिनिटें लागतील. लागोत.