शिट्टी कोणाच्या हाती?

मागे बऱ्हाणपुरात आमच्या शब्बाथशाळेच्या मुलांचा कबड्डीचा सामना होता. पंच होत्या एक तरुण शिक्षिका. त्यांनी एका मुलाला बाद ठरवले. तो थेट माझ्याकडे आला, “सर, तुम्ही सांगा!” मी रेषेपासून दूर होतो, काहीच पाहिले नव्हते. तरी मी निर्णय फिरवला.

जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात प्रथमच स्त्रिया मैदानावर पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्यांपैकी नवी मुंबईच्या वृंदा राठी पूर्वी गुणलेखिका होत्या. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये सेरा थॉमस २०१५ साली पहिल्या कायम स्त्री-पंच झाल्या. २०२१ मध्ये तेथील अंतिम सामन्यातही त्यांनी काम केले. त्या बातम्या वाचताना मला ती कबड्डी आठवली.

बंधुभगिनींनो, निर्णयाचे वजन कशात असते? जवळून पाहण्यात, नियम जाणण्यात व नि:पक्षपातीपणात की आवाजाच्या जाडपणात? दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसे आणि इस्राएल लोक न्यायासाठी तिच्याकडे जात. बाराकासारखा सेनापतीही तिच्यावाचून लढाईस जाईना.

तोंड पाहून न्याय करू नये, असे आपण मुलांना शिकवतो. मी मात्र त्या दिवशी तेच केले. शिक्षिकेचा अपमान झालाच. पण त्या मुलालाही मी शिकवले की, सत्य न आवडल्यास दुसरा पुरुष शोधावा. पुढच्या रविवारी मी मुलांदेखत त्यांची क्षमा मागितली.

शिक्षकहो, स्त्रीच्या हाती शिट्टी देणे सोपे आहे. ती वाजल्यावर थांबणे, हीच आपली परीक्षा आहे.