हात सेवेत, मन कुठे?



घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर हा प्रसंग आपल्याला नवा नाही. आपण पेज भरवतो, कपडे बदलतो, औषध वेळेवर देतो. पण चादर दुसऱ्यांदा ओली झाली की तोंडातून शब्द निघून जातात, "आत्ताच तर बदलली होती!" म्हातारे माणूस काही बोलत नाही. फक्त त्या दिवसापासून ते पाणी मागायचे टाळते.

आपली सेवा तर झाली. मग कमी काय पडले?

संत पौल करिंथकरांना बजावतो की, आपण सर्व संपत्ती गरिबांना वाटून टाकली, पण अंतःकरणात प्रीती नसली, तर आपल्याला काहीच लाभ नाही. हे वचन ऐकले की आपण गोंधळतो. थकलेल्या मनात प्रेम आणायचे कुठून? आणि प्रेम वाटत नसताना सेवा करणे म्हणजे ढोंग नव्हे काय? दुसरीकडे, मन तयार होईपर्यंत थांबावे, तर आजारी माणसाची भूक थांबत नाही.

या प्रश्नाचे उत्तर संत डेमियन यांच्या जीवनात सापडते. बेल्जियममध्ये जन्मलेले हे धर्मगुरू १८७३ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, हवाईतील मोलोकाई बेटावर गेले. तेथे कुष्ठरोग्यांना कायद्याने घरादारापासून तोडून ठेवले जात असे. फादर डेमियन त्यांच्या जखमा बांधत, त्यांच्यासाठी घरे उभारत, शवपेट्या बनवत, कबरी खणत. पण सडलेल्या जखमांची दुर्गंधी त्यांनाही सहन होत नसे. म्हणून ते पाइप ओढू लागले. तंबाखूच्या वासाने ती दुर्गंधी थोडी झाकली जाई.

किती साधी गोष्ट! संताला किळस आलीच नाही, असे नाही. त्याने त्या किळसेवर उपाय शोधला, पण रुग्णाजवळून तो हलला नाही. आपल्या त्रासाचे ओझे त्याने रुग्णावर टाकले नाही. प्रेमळ अंतःकरण म्हणजे सदैव उचंबळून येणारी भावना नव्हे. समोरच्याला तो ओझे आहे असे वाटू न देणे, हेच ते प्रेम.

आणखी एक गोष्ट. स्वतःला आजार जडण्यापूर्वीच ते प्रवचनात 'आपण कुष्ठरोगी' असे म्हणत. आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक आहे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. सेवा करताना आपण बहुधा 'आम्ही' असतो: आम्ही देणारे, तुम्ही घेणारे. नाताळात पिशव्या वाटतानाही ही रेषा पुसली जात नाही. फादर डेमियन यांनी ती पुसली. पुढे तोच आजार त्यांना जडला आणि १८८९ साली, १६ वर्षांच्या सेवेनंतर, ते त्याच बेटावर मरण पावले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले. आपला घात कोण करणार हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने यहूदाला वगळले नाही. त्या क्षणी प्रभूचे मन आनंदी होते असे कोण म्हणेल? तरीही ती सेवा प्रेमानेच भरलेली होती.

तेव्हा मन कोरडे आहे म्हणून सेवा सोडू नये आणि सेवा केली म्हणून बोलण्याची सूटही घेऊ नये. थकवा आला तर तो रुग्णावर न काढता प्रभूला सांगावा, घरच्यांना सांगावा, मदत मागावी. मदत मागणे ही काही हार नव्हे.

आणि ज्यांच्या घरी असे आजारपण नाही, त्यांनी या आठवड्यात एक करावे. शेजारच्या घरी आजाऱ्याची सेवा करणारी सून, मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्यांना म्हणावे, "आज दोन तास आम्ही बसतो, तुम्ही मिस्साला जाऊन या." कदाचित परत आल्यावर त्यांच्या हातात तीच चादर असेल, पण बोलणे थोडे मऊ झालेले असेल.

प्रभू, आमच्या हातांना बळ दे आणि आमच्या जिभेला प्रेम दे. आमेन.