अभय आणि वात्सल्य

सोलापुराहून अक्कलकोटास जाणारांना तोटा नाही. आमच्या शुक्रवार पेठेतूनही गुरुवार साधून स्वामी समर्थांच्या दर्शनास निघणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. १९४८ साली विलीन झालेल्या ज्या संस्थानाची ही राजधानी, त्याच्या राजघराण्याचा मूळ पुरुष म्हणजे लढाईत पोरके झालेले एक लहान मूल होते, ही गोष्ट मात्र त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानी येत असेल. त्या मुलाची हकीकत आपल्याकडे साताऱ्याच्या शाहूमहाराजांच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून सांगण्याची वहिवाट आहे. ती खोटी नाही. पण ती हकीकत जो जो विचार करावा तो तो अधिक अवघड होत जाते, आणि त्या अवघडपणाविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

हकीकत थोडक्यात अशी. १७०७ च्या फेब्रुवारी-मार्चात औरंगजेब मरण पावला व पुढे दोन-तीन महिन्यांत आजमशहाने शाहूमहाराजांना सोडले. पंचवीस वर्षांचे महाराज थोड्याशा सैन्यानिशी दक्षिणेकडे येत असता पारद गावी तेथला पाटील सयाजी लोखंडे त्यांना आडवा आला. तपशिलाविषयी निरनिराळी कथने आहेत. चकमक झाली, पाटील पडला, आणि त्याच्या विधवेने आपला लहानगा राणोजी महाराजांच्या पुढ्यात आणून घातला, एवढे मात्र सर्वत्र सारखे आहे. महाराजांनी त्याला पदरी घेतले, भोसले हे आपले आडनाव दिले, आणि परतल्यावर मिळालेला हा पहिलाच जय म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेविले. विरूबाईने त्याला वाढविले. पुढे अक्कलकोटची जहागीर त्याला मिळाली.

या प्रसंगी आपले लक्ष स्वाभाविकच दया करणाराकडे जाते. परंतु क्षणभर त्या बाईकडे पाहावे. नवऱ्याच्या प्रेताला अद्याप अग्नीही मिळालेला नसेल, आणि ही बाई मूल उचलून कोणाकडे जाते? आप्तांकडे नव्हे, मागच्या दाराने रानात नव्हे; ज्याच्या माणसांनी नवरा मारला त्याच्याचकडे. हिला केवळ याचना म्हणणे मला अपुरे वाटते. तू याचा बाप नेलास, आता याचे काय ते तूच बघ, असा त्या कृतीचा अर्थ मला दिसतो. याचना नाकारता येते; देणे नाकारता येत नाही. त्या बाईने महाराजांना दया करण्याची संधी दिली असे म्हणण्यापेक्षा त्यांना ऋणको ठरविले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आणि हे ऋण ओळखावयास शाहूमहाराजांइतका योग्य माणूस त्या काळी दुसरा मिळाला नसता. १६८९ च्या मार्चात संभाजीमहाराजांचा क्रूर वध झाला आणि त्याच वर्षी रायगड पडून सहा-सात वर्षांचा शाहू आई येसूबाईसह मोगलांच्या हाती गेला. त्यानंतरची जवळजवळ अठरा वर्षे त्याने बापाच्या मारेकऱ्याच्या छावणीत काढली. ती छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीस भीमेच्या काठी होती. बादशहाने त्याला राजा हा किताब व सात हजारी मनसब दिली होती. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्याच्यावर माया केली, असेही इतिहासकार सांगतात. अन्न, वस्त्र, मान, माया यांतले काहीच कमी नव्हते. तरीही औरंगजेबाला त्याचा बाप म्हणावयास कोणाची जीभ धजेल? मग पारदच्या पाटलाच्या मुलाने शाहूमहाराजांना बाप का म्हणावे?

प्रश्नाचे खरे टोक हे आहे. बापाला मारावे, मुलाला सांभाळावे आणि जमाखर्च मिटला असे समजावे, हा सावकारी हिशेब नीतीच्या दरबारात चालत नाही. किंबहुना एका मुलावर केलेली दया पुष्कळदा करणाराची सदसद्विवेकबुद्धी निजविण्याच्या कामी येते. अमेरिकेच्या इतिहासात याचे विलक्षण उदाहरण आहे. १८१३ च्या नोव्हेंबरात अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्याने क्रीक इंडियनांचे टालशॅची गाव उद्ध्वस्त केले, तेव्हा मेलेल्या आईजवळ एक तान्हे मूल सापडले. जॅक्सन स्वतः पोरका. बाप त्याच्या जन्मापूर्वीच गेलेला, आई चौदाव्या वर्षी गेली. त्याने ते मूल आपल्या घरी धाडले आणि ते लिंकोया या नावाने तेथे वाढले. त्याला लष्करी विद्यालयात घालण्याचा मनोदय होता, पण अखेरीस तो खोगीर करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला गेला, आणि १८२८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, क्षयाने वारला. दोनच वर्षांनी अध्यक्ष जॅक्सनने ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या आधारे लिंकोयाच्या जातभाईंना त्यांच्या भूमीतून पश्चिमेकडे हाकलण्यात आले. जॅक्सनचे वात्सल्य ढोंगी होते असे मला म्हणावयाचे नाही. ते बहुधा खरेच असेल. खरे वात्सल्यसुद्धा घराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकता सुखाने नांदू शकते, ही त्यातली भयंकर गोष्ट आहे.

तेव्हा केवळ माया असणे हे पितृत्वाचे लक्षण म्हणून पुरेसे नाही. आणि शाहूमहाराजांच्या मायेतही एक काटा आहेच. तो त्या नावातला. ज्या चकमकीत बाप पडला तिचाच विजय मुलाने आयुष्यभर नाव म्हणून मिरवावा! दर हाकेला, दर पत्राच्या मायन्याला, त्याच्या बापाचा पराभव उच्चारला जात असे. आमचे एक इतिहासज्ञ स्नेही यावर म्हणतात की, आजची मापे अठराव्या शतकाला लावणे अन्याय्य होय. त्या काळी असे नाव म्हणजे गौरवच. असेल. पण गौरव कोणाचा? नाव देणाराला त्या दिवशी आपला जय आठवला, मुलाचे दुःख आठवले नाही, एवढे तर मान्य करावे लागेल. अठरा वर्षे स्वतःच्या बापाचे दुःख गिळून बसलेल्या माणसाकडून हे व्हावे, याचे नवल वाटते. कदाचित गिळण्याची सवय झालेल्यालाच ते सुचत नसेल.

असे असूनही औरंगजेब आणि शाहूमहाराज यांना मी एका ओळीत बसवू शकत नाही, आणि त्याचे कारण दयेच्या कमीअधिकपणात नाही. बादशहाने शाहूला मनसब दिली, पण सैन्य दिले नाही. तसे तो देणेच शक्य नव्हते, कारण ते मूल त्याच्या लेखी ओलीस होते. ओलिसाच्या हाती तलवार कोणी देत नाही. उलट पारदच्या पाटलाचा मुलगा मोठा झाला तेव्हा महाराजांनी त्याला फौज दिली. १७२५ च्या अखेरीस कर्नाटकावर जी स्वारी निघाली तिचे आधिपत्य फत्तेसिंहाकडे होते, आणि तिच्यात खुद्द बाजीराव पेशवे होते. १७४० त रघूजी भोसल्यांबरोबर तो पुन्हा कर्नाटकात उतरला, आणि पुढल्या वर्षी त्रिचनापल्ली मराठ्यांच्या हाती आली. सरदार म्हणून तो बाजीरावाच्या तोलाचा नव्हता, हे उघड आहे. परंतु येथे त्याच्या कर्तबगारीचा प्रश्नच नाही. ज्याच्या बापाला आपण मारले त्याच्या हाती हजारो तलवारी द्यावयाच्या आणि साताऱ्यास निश्चिंत झोप घ्यावयाची, ही गोष्ट दयेच्या पलीकडची आहे. दया करणारा नेहमी उंचावर उभा असतो. घेणाराकडून त्याला भय नसते. महाराजांनी स्वतःला त्या मुलाच्या हाती दिले. मला वाटते, अभय देणारा बाप होतो तो येथे: अभय दिले त्या दिवशी नव्हे, तर ज्याला दिले त्याच्यापुढे आपण निर्भयपणे पाठ फिरवितो त्या दिवशी.

यामुळे ऋण फिटले काय? नाही. सयाजी पाटील काही परत आला नाही, आणि त्या बाईचे वैधव्यही कर्नाटकच्या स्वाऱ्यांनी पुसले गेले नाही. स्वतः महाराजांनाही या नात्याची हद्द ओलांडता आली नाही. त्यांना औरस पुत्र राहिला नव्हता. वारसाचा प्रश्न निघाला तेव्हा बेचाळीस वर्षे मुलगा म्हणून वाढविलेला माणूस हयात व जवळ होता. पण १७४९ च्या डिसेंबरात महाराज वारल्यावर साताऱ्याच्या गादीवर आणला गेला तो ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा, ज्याला महाराजांनी कधी अंगाखांद्यावर खेळविले नव्हते. फत्तेसिंह अक्कलकोटचाच राहिला आणि १७६० साली मरण पावला.